मित्राची बॅचलर पार्टी : एकच दिवस, दारू नाही, गोवा नाही. कुठे जावं?

डबा_ऐसपैस

मंडळी, जरा डोकं लावा.

हॉस्टेलपासूनचा जिगरी दोस्त जानेवारीत बोहल्यावर चढतोय. ग्रुपमधली शेवटून दुसरी विकेट. (शेवटची माझी, तो विषय इथे नको.) आम्ही आठ जण. चार पुण्यात, चार ठाणे-डोंबिवलीकडे. नवरदेव त्या बाजूचा. ग्रुपवर कधीपासून 'गोवा का गोकर्ण' चाललंय. रोज कोणीतरी समुद्राचा फोटो टाकतो, अंगठे पडतात आणि तिकीट कोणीच काढत नाही. शेवटी काल मीच जाहीर केलं की एक रविवार काढायचा, सकाळी निघायचं, रात्री घरी.

आता अडचणी ऐका. नवरदेव पीत नाही. बाकीच्यांनी ढोसायची आणि त्याने चकणा संपवत सगळ्यांना घरी सोडायचं, हे कॉलेजात भरपूर झालं. त्याच्याच पार्टीला पुन्हा तेच नको. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतो बरा पण चढ नको. एकाची मुलगी चार महिन्यांची आहे, त्याला रात्री दहाच्या आत घरी हजर व्हायचंय, तसा लेखी करार आहे म्हणे. दोघे पक्के शाकाहारी. आणि नवरदेवाच्या आईचा हुकूम, की हळद लागली की वेस ओलांडायची नाही, जे काय उंडारायचंय ते डिसेंबरातच.

लोणावळा सुचवू नका. रविवारी बोरघाटात गाडीत बसून पार्टी करायची नाहीये.

---

तुंबडीवाला

दारू नाही, गोवा नाही, मुक्काम नाही, गुडघा नाही. बॅचलर पार्टी कशाला म्हणता, सत्यनारायण घाला. शिऱ्याला येतो मी. (हलके घ्या.)

---

सदाशिवातली_सून

तुंबडी, शिरा सगळ्यांना आवडतो, उगाच नावं ठेवू नका.

डबा, तुम्ही सरळ मित्रांचं केळवण करा की. एरवी महिनाभर मावश्या-आत्या नवऱ्या मुलाला बोलावून पुरणपोळी आणि श्रीखंड कोंबतात, त्यात मित्र कुठेच नसतात. आमच्या दिराच्या मित्रांनी असं केलं होतं. एकाच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून स्वयंपाक केला. वरण गचका झालं, भात करपला, पण दीर अजून त्या जेवणाबद्दल बोलतो. मी केलेल्या जेवणाबद्दल बोलत नाही.

---

नगरी_मिरची

डिसेंबरचा शेवट म्हणताय ना? मग डोळे झाकून हुरडा. पारनेर, नगर, इकडे कुठेही ओळखीतलं शेत बघा. आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजतायत, मधे एक जण तळहातावर गरम गरम कणीस चोळून हुरडा पाडतोय, आणि तुम्ही गोल बसलाय. जोडीला तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं, ऊस. सुरती हुरडा मिळाला तर फारच छान, नुसता खाल्ला तरी गोड. शाकाहारी-मांसाहारी भांडणच नाही, गुडघ्याला त्रास नाही. पाणी मात्र जपून प्या वरून, पोट धरून बसाल.

एकच सांगतो. तिकीटवाल्या हुरडा पार्ट्या असतात, तिथे जाऊ नका. उंटाची सवारी, लाऊडस्पीकर, मधूनच जादूगार. निम्मा वेळ रांगेत जातो.

---

कृष्णाकाठचा

वाई-मेणवली विसरलात का कोणी? सकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर चहा, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिथली ती मोठी घंटा बघा, १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या घंटांपैकी आहे. पायऱ्यांवर बसायचं, पाण्यात पाय सोडायचे, दुपारी जेवायचं, संपलं. पुण्याहून दोन-अडीच तास.

---

डबा_ऐसपैस

हुरडा आणि मेणवली दोन्ही आवडलं. पण मुंबईकडच्या चौघांचं काय? त्यांना पुण्यात येऊन पुन्हा पुढे दोन तास म्हणजे दिवस गाडीतच जाणार. मधली कुठली तरी जागा हवी जी लोणावळा नाही.

---

वरमाई_नव्हे_वधू

जागेचं जाणकार सांगतील, मी दोन गोष्टी दुसऱ्या बाजूने सांगते.

पहिली, तारीख. आमच्या लग्नाच्या चार दिवस आधी मित्रांनी ह्यांना 'छोटीशी मजा' म्हणून नेलं आणि पाय मुरगळून आणून दिलं. सप्तपदी लंगडत झाली. व्हिडिओत भटजी हळू म्हणतायत असं वाटतं, तर ते ह्यांच्या चालीसाठी थांबत होते. लग्नापासून किमान दोन आठवडे लांब ठेवा.

दुसरी, ते 'गेम ओव्हर' लिहिलेले टीशर्ट, हातात बेड्या, गळ्यात पाटी. ज्याने स्वतः मुलगी पसंत केली, वर्षभर फिरला, हॉल बुक करायला स्वतः रांगेत उभा राहिला, तो काय जन्मठेपेला चाललाय का? आणि ते फोटो नंतर मुलीकडचे सगळे बघतात. माझ्या बाबांनी बघितले होते.

---

तुंबडीवाला

बाबा काय म्हणाले?

---

वरमाई_नव्हे_वधू

'टीशर्टचं कापड चांगलं आहे.'

---

रेडिंगचा_राघू

इथे इंग्लंडात ह्याला स्टॅग म्हणतात आणि त्याचा पुरता धंदा झालाय. शुक्रवारी विमानतळावर एकसारखे टीशर्ट घातलेले टोळके हमखास दिसतं, सकाळी सातला हातात बियर. आमच्या मराठी कंपूतल्या एकाचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही वेल्समध्ये पेन-ई-फॅन चढलो. ८८६ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या मानाने टेकाडच, पण वर असा पाऊस आणि वारा की कोणाला कोण दिसेना. खाली येऊन गाडीच्या डिकीत बसून थर्मासमधला चहा आणि भाकरवडी. नवरदेव आता दोन मुलांचा बाप आहे, अजूनही पुन्हा जाऊ म्हणतो. सांगायचं इतकंच, की थोडा घाम निघू द्या. नुसतं बसून खाल्लं की तासाभराने सगळे मोबाईलमध्ये जातात.

---

कुकडीकाठ

टंकाळा (टंकायचा कंटाळा) बाजूला ठेवून लिहितो, कारण तुमचं कोडं सोडवायला माझा तालुका आहे.

नाणेघाट.

पुण्याचे चौघे गाडीने नारायणगाव, जुन्नर, आपटाळे करत घाटघरला. गाडी जवळजवळ घाटाच्या तोंडापर्यंत जाते. मुंबईचे चौघे कल्याणहून मुरबाड-माळशेज रस्त्याने वैशाखऱ्याला उतरून खालून चढतील. अडीच-तीन तासांची मळलेली वाट आहे. भेटायचं वर, लेण्यापाशी. सातवाहनांच्या काळापासून सोपारा-कल्याणचा माल ह्याच वाटेने जुन्नरला यायचा, म्हणजे कोकण आणि देश ह्यांनी भेटायची जागा ही ठरलेलीच आहे. गुडघेवाल्याला गाडीतून उतरून थोडं चालायचं आणि नळीतून, म्हणजे घाटाच्या अरुंद घळीतून, काही पायऱ्या खाली उतरायचं, एवढंच. दगड गुळगुळीत झालेत, काठी द्या हातात.

वर खाण्याची सोय फारशी धरू नका. सकाळची न्याहारी बांधून आणा आणि उशिराचं जेवण जुन्नरात मासवडी. मासवडी हा शब्द ऐकून शाकाहाऱ्यांनी पळू नये, तिच्यात मासा नसतो. आदल्या दिवशी फोन करून सांगावी लागते, ऐनवेळी कोणी करून देत नाही. माझ्या माहितीतल्या एक मावशी आहेत, घरीच जेवण देतात. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मुंबईवाल्यांना परत घाट उतरायची गरज नाही. त्यांनी तुमच्याबरोबर जुन्नरला यावं, तिथून माळशेजमार्गे कल्याणची एसटी. वेळा आगारात विचारा, जालावर टाकलेल्या वेळांवर मी तरी जात नाही.

दोन सूचना. घाटघरच्या बाजूला मोबाईलची रेंज बेभरवशाची आहे, भेटायची वेळ आधीच ठरवा. आणि अंधार पडायच्या आत निघा. जुन्नर म्हणजे बिबट्यांचा मुलूख, माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उगाच नाही. संध्याकाळी उसाच्या कडेला गाडी थांबवून 'जरा हलकं होऊन येतो' हे करू नका.

---

घोरपड_सरळ

कुकडीकाठांना +१. फक्त उत्साहाच्या भरात लेण्यात चूल पेटवू नका, तिथल्या दगडी रांजणात चिप्सची पाकिटं टाकू नका. संरक्षित स्मारक आहे. आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा ही हात जोडून विनंती.

---

सदाशिवातली_सून

वैशाखऱ्याहून नवरदेव चढून येणार आणि तुम्ही वर वाट बघणार? अहो मग सीमांतपूजन करा की! वर पक्ष वेशीवर आला, तुम्ही मुलीकडचे.

---

डबा_ऐसपैस

सूनबाई, साष्टांग दंडवत. ठरलं. ह्यातलं नवरदेवाला काही सांगणार नाही. आल्यावर वृत्तांत टाकतो.

---

तुंबडीवाला

रुमाल टाकून ठेवतो.

---

डबा_ऐसपैस

घ्या वृत्तांत. लांब आहे.

पहाटे साडेपाचला पुण्यातून निघालो. मी, डॉक्टर, गुडघा आणि बापमाणूस. (नावं देत नाही, ह्याच नावांनी ओळखा.) रविवारी पहाटे मोशी-चाकण रिकामं असतं, हे मला नवीनच कळलं. नारायणगावात चहा, पुढे जुन्नर सोडल्यावर माणिकडोहच्या पाण्यावर धुकं. उजाडता उजाडता चावंड किल्ला दिसायला लागला. भातखाचरं कापून झालेली, पेंढ्यांचे भारे उभे, रस्त्यावर कोंबड्या आणि आम्ही. बापमाणूस मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला.

घाटाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा वारा असा होता की गाडीचं दार उघडेना. समोर नानाचा अंगठा हा कडा, डावीकडे जीवधन किल्ला आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. खाली कोकण. आम्ही ताट काढलं. हळद-कुंकू, अक्षता, पाण्याचा तांब्या, तुळशीबागेतून आणलेल्या मुंडावळ्या आणि झेंडूचा हार. डॉक्टरच्या बायकोने सगळं एका डब्यात नीट बांधून दिलं होतं, वर चिठ्ठी : 'ताट परत आणणे.'

तो दगडी रांजण वाटेच्या कडेलाच आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. आम्ही त्याच्याशेजारी नाकं उडवून बसलो. दहाच्या सुमाराला नळीतून आवाज यायला लागले. आधी एक टोपी दिसली, मग सीए, मग बाकीचे दोघे आणि सगळ्यात शेवटी नवरदेव, घामाने निथळत, कमरेवर हात, 'अजून किती रे' म्हणत. वर बघतो तर आम्ही चौघे ताट घेऊन उभे.

त्याला काही कळायच्या आत डॉक्टरने बूट काढायला लावून पायावर पाणी घातलं. गार पाणी, वरून वारा, तो ओरडला ते खाली वैशाखऱ्यात ऐकू गेलं असेल. मुंडावळ्या बांधल्या. त्या वाऱ्याने सरळ उभ्या राहायला लागल्या, म्हणून वरून त्याचीच टोपी घातली. मग सीएने बाजू बदलली. चढून आला नवरदेवाबरोबर, पण वर येताच आमच्यात सामील होऊन म्हणाला, 'वऱ्हाडाने जकात भरल्याशिवाय देशावर प्रवेश नाही.'

नवरदेवाने खिसे चाचपले. रोख एक रुपया नाही. मोबाईल काढला तर रेंज नाही, यूपीआय चालेना. ज्या घाटाने माल नेताना व्यापारी रोख मोजून पुढे जायचे, तिथे आमच्या ह्या सॉफ्टवेअरवाल्याकडे द्यायला काही नाही. शेवटी लिमलेटच्या गोळ्यांवर तडजोड झाली. (घोरपड, गोळ्या टोपीत घेतल्या, रांजणात नाही. कागदसुद्धा परत आणले.)

एक साठीचे आजोबा गुरं घेऊन चालले होते, ते थांबून सगळं बघत होते. म्हणाले, 'लगीन हितंच लावता का काय?' आम्ही सांगितलं, लगीन नाशिकला. 'मंग एवढं चढून का आणलं त्याला?' ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. लिमलेटची गोळी दिली.

लेण्यात मी आधीही गेलोय, पण पावसाळ्यात, उलटा धबधबा बघणाऱ्या गर्दीत. तेव्हा आत फक्त ओले रेनकोट आणि वडापाव दिसतो. ह्या वेळी आत आम्ही आठच. डावी-उजवी भिंत भरून ब्राह्मी अक्षरं. हा लेख १८२८ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उजेडात आणला. नागनिका राणी, सातकर्णीची बायको, तिचा हा लेख. कुठकुठले यज्ञ केले आणि त्यात दक्षिणा काय काय दिली ह्याची यादी. गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. डॉक्टर हे सगळं वाचून आला होता, शिकवणीच घेत होता. आकडे कोरलेले आहेत म्हटल्यावर सीएची समाधी लागली. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांमध्ये ह्यांची गणना होते. तो मोबाईलवर आणलेली आकड्यांची यादी बघत भिंतीवर शोधत बसला आणि एकदम म्हणाला, 'अरे, ही आहेराची वहीच आहे! कोणाला काय दिलं, सगळं टिपलंय.' नवरदेव म्हणाला, 'आमच्याकडे आहेर आणू नये असं छापलंय.' सीए म्हणाला, 'म्हणूनच तुझी कोणी दोन हजार वर्षांनी चौकशी करणार नाही.'

मला मात्र समोरची भिंत आवडली. तिथे राजघराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी, राजकुमार. वरती नावं कोरलेली आहेत आणि खाली फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. मधली माणसं गेली. आम्हीही आठच, हे गुडघ्याच्या लक्षात आलं. म्हणाला, 'हॉस्टेलच्या ग्रुप फोटोचंही असंच झालंय, पाण्यात भिजून खालचा भागच राहिलाय.' मग त्याच्यापुढे बसून न्याहारी केली, म्हणजे लेण्याबाहेर कट्ट्यावर. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, उकडलेली अंडी, संत्री.

गुडघ्याबद्दल विचाराल म्हणून सांगतो, उतरताना एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला मी, काही अडलं नाही. चढताना तो माझ्या आधी वर.

दुपारभर आम्ही काहीच केलं नाही. बरोबर कार्यक्रम आखलेले होते. डॉक्टरने 'नवरदेवाला ओळखा' नावाची प्रश्नमंजुषा छापून आणली होती, ती पिशवीतच राहिली. वाऱ्याच्या आडोशाला सतरंजी टाकून दोन कॅट घेऊन मेंढीकोट मांडला. प्रत्येक पत्त्यावर खडा ठेवावा लागत होता, त्यामुळे एक डाव अर्धा तास चालला आणि कोणालाही घाई झाली नाही. बापमाणूस टोपी तोंडावर घेऊन पुन्हा झोपला, दोन तास, सलग. त्याला कोणी उठवलं नाही. उठल्यावर इतका खूश होता की आम्हाला वाटलं, आपण ह्याच्याचसाठी आलोय.

गप्पा काय झाल्या ते लिहीत नाही. एवढंच, की नवरदेवाच्या डोक्यात घर घ्यायचं, आईवडिलांजवळ राहायचं की बायकोच्या नोकरीजवळ, हे चाललंय, आणि ते त्याने आजवर ग्रुपवर कधी काढलं नव्हतं. ग्रुपवर आम्ही फक्त मीम टाकतो. सगळे मुंबई-पुणे भाड्याचे आकडे घेऊन तुटून पडले. निर्णय झाला नाही, पण तो मोकळा बोलला. गोव्यात एवढा वेळ कोणी गप्प बसून कोणाचं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

तीनला गाड्या काढल्या. आठ जण आणि एक गाडी हे गणित नीट बघितलं नव्हतं असं कोणी म्हणेल. बघितलं होतं. घाटघरातून एक जीप जुन्नरपर्यंत सांगून ठेवली होती, कुकडीकाठांच्याच ओळखीने.

आता मासवडी. ही गोष्ट निवांत सांगायची आहे. मावशींनी आम्हाला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघू दिलं. बेसनाचं पीठ पिठल्यासारखं पण घट्ट शिजवलेलं, ओल्या फडक्यावर हाताने भराभर थापलं. गरम असतानाच थापायचं, गार झालं की चिरतं. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, भाजलेला कांदा, कोथिंबीर ह्यांचं सारण. मग फडकं उचलून गुंडाळी, वरून दाबून मधे शीर आल्यासारखा आकार. सुरीने वड्या पाडल्या की कापलेल्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात. जोडीला पातळ, लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. रस्सा पहिल्या घोटाला गोड वाटतो, तिसऱ्या घोटाला कानातून धूर. मटण खाणाऱ्यांसाठी मटणही होतं, ते निम्मं उरलं. बांधून दिलं त्यांनी.

जेवायच्या आधी मावशींनी विचारलं, 'नवरदेव कोनचा?' आम्ही बोट दाखवलं. त्या आत गेल्या, निरांजन लावून आल्या. आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्याला पाटावर बसवून औक्षण केलं, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता. 'नवरी कुठली म्हनायची?' 'नाशिकची.' 'मंग तिखट खाती आसंल. बरं हाय.' आणि सरळ त्याच्या वाटीत अजून एक पळी रस्सा. ताटात ओवाळणी टाकायला त्याच्याकडे पुन्हा पैसे नाहीत! सीएने शंभराची नोट पुढे केली आणि मोबाईलमध्ये टिपून ठेवली.

आमच्यातर्फे केळवणाचा आहेर म्हणून पाच लिटरचा कुकर दिला. हॉस्टेलमध्ये आमचा कुकर ह्यानेच उडवला होता, छतावर डाळीचा डाग अजून असेल.

पाचच्या आसपास मुंबईकरांना जुन्नर एसटी स्टँडवर सोडलं. गाडी खच्चून भरलेली. नवरदेव मांडीएवढा कुकर पोटाशी धरून टोकावड्यापर्यंत उभा, हे नंतर कळलं. आम्हाला परतीला चाकणने चाकणपण दाखवलं, तरी बापमाणूस साडेनऊला घरी. करार पाळला गेला.

खर्च माणशी हजाराच्या आत, नवरदेव सोडून. सीएने पै-पैचा हिशोब टाकलाय, लिमलेटच्या गोळ्यांसकट.

---

तुंबडीवाला

सत्यनारायण मागे घेतो. झकास झालंय. कुकरचा फोटो?

---

घोरपड_सरळ

कागद परत आणल्याबद्दल मनापासून आभार. असं लिहिणारा विरळा.

---

नगरी_मिरची

वृत्तांत फर्मास, पण मासवडी जुन्नरची हे कोणी ठरवलं? आमच्याकडे पारनेर-संगमनेरला पिढ्यानपिढ्या करतात. आणि सारणात कांदा? आमची आजी नुसतं खोबरं, तीळ, लसूण घ्यायची.

---

कुकडीकाठ

झालं, सुरू. मिरची, कांदा पूर्ण कोरडा होईपर्यंत भाजतात, त्याशिवाय सारण सुटतं. तुमच्याकडे या म्हणा, खाऊन सांगतो.

---

नगरी_मिरची

या. हुरडा पण घालतो.

---

वरमाई_नव्हे_वधू

दोन आठवड्यांचं अंतर पाळलंत, टीशर्ट नाही आणले, आणि नवरा मुलगा पायावर धडधाकट घरी गेला. माझ्या बाबांतर्फे अभिनंदन.

एक विचारायचं होतं. हे वाचून माझ्या धाकट्या बहिणीच्या मैत्रिणींना असंच करायचंय. सात जणी आहेत, फेब्रुवारीचा दुसरा रविवार. त्या सगळ्या वैशाखऱ्याहूनच चढणार म्हणतायत. ऊन फार होईल का? आणि वाट मुलींना एकट्यांनी जायला कशी आहे?

---

डबा_ऐसपैस

आमच्या चौघांना चढताना ऊन लागलंच नाही असं ते सांगतात. डोंगराचं तोंड पश्चिमेला, सकाळी सगळी वाट सावलीत असते. सातला चालायला लागलं तर उन्हाच्या आत वर. सुट्टीच्या दिवशी वाटेवर ट्रेकवाले असतात, चुकायला होत नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या, वरच्या टाक्यांवर अवलंबून राहू नका. बाकी कुकडीकाठ सांगतील.

---

कुकडीकाठ

बरोबर. फक्त सुरुवातीच्या सपाटीवर जंगलात एक-दोन फाटे आहेत, तिथे ढोरवाटेला लागू नका, मळलेली रुंद वाट धरा. पहिल्यांदाच येत असतील तर पायथ्याच्या गावातलं कोणीतरी बरोबर घ्या, त्यालाही दोन पैसे मिळतात. आणि मासवडी खायची असेल तर शनिवारी दुपारपर्यंत मावशींना फोन. सात जणी म्हणजे दोन किलो बेसन लागेल, आयत्या वेळी सांगितलं तर ओरडतील. नंबर व्यनि केला आहे.

---

सदाशिवातली_सून

आणि ताट परत आणायला सांगा.